काठोकाठ भरलेली किटली

मी किटली बोलतेय. तोंड वर करून बोलायला मला लाज वाटते, म्हणून तोटी भिंतीकडे वळवूनच बोलते. तुम्ही मात्र शेवटपर्यंत ऐका.

माझा जन्म कुठल्यातरी मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा दाबला, कडी बसवली, बुडाशी वीज जोडली आणि एकदा पाणी उकळून पाहिलं. ते माझं पहिलं पाणी. ते कोणी प्यायलं नाही, ओतून दिलं. मग खोक्यातला अंधार, जहाजाचं डोलणं आणि शेवटी ब्रोकन हिल शहरातल्या दुकानाची फळी. तिथून मला गावाच्या ऑफिसातल्या नेव्हिलने उचललं. ऑफिसातली जुनी किटली जळली होती, आणि नवी आणायचं काम त्याने तीन आठवडे उद्यावर ढकललं होतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच वाटलं, की या माणसाचे हात किती मऊ आहेत.

कर्ल्यू वेल हे आमचं गाव ब्रोकन हिलपासून अर्ध्या तासावर आहे. गावाचं ऑफिस म्हणजे दीड खोली. एका खोलीत नेव्हिलचं टेबल, संगणक आणि कागदांचे ढीग. उरलेल्या अर्ध्या खोलीत माझी फळी, बेसिन, फ्रिज आणि खिडकी. खिडकीतून रस्त्यापलीकडचा पोहण्याचा तलाव दिसतो. माझ्या फळीच्या वर, बरोबर डोक्यावर, भिंतीवरचं घड्याळ होतं.

त्या घड्याळाबद्दल सांगायलाच हवं. आमचं राज्य सिडनीचं, पण घड्याळ शेजारच्या राज्यातल्या अ‍ॅडलेडचं. जुन्या काळी रेल्वे तिकडून आली आणि वेळही तिकडूनच आली. सिडनीत पाच वाजतात तेव्हा आमच्याकडे साडेचार झालेले असतात. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. तरी माणूस विसरतो, म्हणून नेव्हिलनेच घड्याळाखाली एक पिवळी चिठ्ठी डकवली होती. ‘सिडनीचं काम? अर्धा तास आधी!’ अक्षर मोठं होतं आणि खाली दोन रेघा ओढलेल्या होत्या.

सकाळी दहा वाजता स्मोको व्हायचा, म्हणजे चहाची सुट्टी. ती कष्टकऱ्यांच्या हक्काची. रस्त्याच्या कामावरचा डॅरिल धुळीने लाल होऊन यायचा, दोन कप चहा प्यायचा, चार बिस्किटं खायचा आणि सगळ्यांची टर उडवून जायचा. त्या चहाची मला लाज नाही. मला लाज आहे ती इतर चहांची.

नेव्हिलला खरी तहान लागली की तो माझ्यात एक कप पाणी घालायचा. पण अवघड काम समोर आलं की मला काठोकाठ भरायचा. पाणी जास्त असलं की उकळायला वेळ लागतो. तेवढा वेळ तो माझ्यासमोर उभा राहायचा. कप धुवायचा. धुतलेला कप पुन्हा धुवायचा. फळी पुसायचा, चमचे एका दिशेला लावायचा. माझ्या चकचकीत पोटावर त्याचा चेहरा पसरट दिसायचा, नाक मोठं आणि डोळे बारीक. त्या डोळ्यांत आळस नव्हता. भीती होती. मी ती रोज पाहिली आहे.

आणि मी काय करत होते? मी खूश होते. आज सहा वेळा भरलं, आज सात वेळा, याचा मला अभिमान वाटायचा. ऑफिसात माझ्याइतकं काम कोणी करत नाही, असं मी फ्रिजला सांगायचे. फ्रिज नुसता घुरघुरायचा.

तलावाचं पाणी स्वच्छ ठेवणारा पंप सप्टेंबरच्या सुरुवातीलाच कायमचा बंद पडला.

त्याच दुपारी ग्लेनिसबाई ऑफिसात आल्या. त्या गावाच्या पोहण्याच्या बाई. चौतीस उन्हाळे त्यांनी त्या तलावात मुलांना पोहायला शिकवलं होतं. नेव्हिललासुद्धा त्यांनीच शिकवलं, म्हणून चाळिशीला आला तरी तो त्यांना ‘बाई’च म्हणायचा. त्यांची पाठ ताठ, केस आखूड आणि पायांत बारा महिने रबरी चपला.

“नेव्ह,” त्या म्हणाल्या, “नवा पंप कसा मिळेल ते सांग. रडगाणं नको.”

“बाई, सरकारी मदत आहे. सिडनीला अर्ज करायचा. बावीस पानांचा आहे, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी पाच वाजेपर्यंत वेळ आहे. तो वेळेत गेला तर डिसेंबरमध्ये उन्हाळा लागताच तलाव उघडेल.”

“म्हणजे आठ आठवडे आहेत.”

“भरपूर वेळ आहे, बाई.”

बाईंनी पिशवीतून एक यादी काढली. चौदा मुलांची नावं होती. “ही माझी शेवटची तुकडी. एप्रिलमध्ये मी मुलीकडे अ‍ॅडलेडला जाते, घराचा सौदाही झालाय. या चौदा जणांना तरंगायला शिकवल्याशिवाय मला जायचं नाही. आमच्याकडे नद्या वर्षभर कोरड्या असतात, म्हणून लोकांना वाटतं पोहणं कशाला. आणि एक दिवस पूर येतो.”

“तुम्ही काळजीच करू नका,” नेव्हिल म्हणाला. त्या गेल्यावर त्याने मला काठोकाठ भरलं.

आठ आठवडे म्हणजे किती किटल्या, ते मला विचारा. अर्जाची सोपी पानं त्याने भरली. गावाची लोकसंख्या, तलावाची लांबी, पंपाचं मॉडेल, सगळं झालं. एकच प्रश्न राहिला होता. ‘हा तलाव तुमच्या गावाला का हवा? एका पानात लिहा.’ त्या पानापाशी आला की तो उठायचा. कधी पेन्सिलींना टोक काढायचा, कधी कुत्र्यांच्या परवान्यांची फाइल रंगांप्रमाणे लावायचा. मग माझ्याकडे यायचा.

“काय रे, झालं का महाकाव्य?” डॅरिल विचारायचा.

“सुरुवात डोक्यात आहे.”

“डोक्यात ठेवू नकोस, उन्हाने वितळेल. कागदावर घे.”

“नीट लिहायचंय रे. हे पान साधं नाही. वाईट लिहिलं तर?”

“वाईट लिहिलं तर वाईट पान होईल. नाही लिहिलं तर पानच नाही.” डॅरिल शाळेत कधी पहिला आला नव्हता, पण हे त्याने बरोबर सांगितलं होतं. नेव्हिल हसला आणि त्याने माझं बटण दाबलं.

आता माझ्या मुख्य अपराधाकडे येते. माझी वाफ सरळ वर जायची. दिवसातून सहा-सात वेळा ती त्या पिवळ्या चिठ्ठीवर आदळायची. आधी चिठ्ठीचा एक कोपरा सुटला. मग दुसरा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी मी उकळत असताना ती चिठ्ठी अलगद सुटली, माझ्या झाकणाला घासली आणि फळीमागच्या फटीत गेली. नेव्हिल तेव्हा बिस्किटांचा डबा शोधत होता. त्याने पाहिलं नाही. मी पाहिलं. मला हाका मारायच्या होत्या, पण माझ्या तोंडून फक्त वाफ आली. आणि टक् करून मी बंद झाले.

शेवटचा शुक्रवार उजाडला. नेव्हिल सकाळी सातलाच आला. मला वाटलं, आज होणार. पण नऊपर्यंत मी चारदा भरले गेले. स्मोकोला त्याने डॅरिलला दारातूनच परत पाठवलं. “आज नको, आज लिहायचंय,” म्हणाला, आणि डॅरिल गेल्यावर स्वतः तासभर खिडकीत उभा राहिला. दुपारी तीनला तो लिहायला बसला. खरोखर बसला. बोटं चालायला लागली. मी ऐकत होते, पावसासारखा आवाज होता.

चार वाजून वीस मिनिटांनी तो थांबला. शेवटचा परिच्छेद राहिला होता. त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाला, “चाळीस मिनिटं आहेत. एक घोटभर.”

घोटभर म्हणत त्याने मला काठोकाठ भरलं.

मी त्या दिवशी देवाची प्रार्थना केली. माझी तार जळू दे, माझं बूड फुटू दे, गावाची वीज जाऊ दे. काहीही झालं नाही. मी चांगल्या कारखान्यातली किटली. मी उकळले. साडेचारला सेकंदकाटा बारावरून पुढे सरकला तेव्हा नेव्हिल कपात दूध ओतत होता.

चार सत्तेचाळीसला त्याने अर्ज पाठवण्याचं बटण दाबलं आणि खुर्चीत मागे टेकला. मग पुढे वाकला. पडद्यावरची ओळ त्याने मोठ्याने वाचली, लहान मूल धडा वाचतं तशी. “अर्ज स्वीकारण्याची मुदत संपली आहे.”

“अजून तेरा मिनिटं आहेत,” तो संगणकाला म्हणाला. मग त्याने घड्याळाकडे पाहिलं. घड्याळाखालची रिकामी जागा पाहिली. तो कितीतरी वेळ त्या जागेकडे बघत राहिला. मी जर माणूस असते तर त्या क्षणी पदराआड तोंड लपवलं असतं.

त्याने सिडनीला फोन लावला. कोणी उचलला नाही. सोमवारी सकाळी उचलला आणि नियम तो नियम असं शांतपणे सांगितलं. पुढची संधी मार्चमध्ये होती.

सोमवारी दुपारी ग्लेनिसबाई आल्या. हातात घरी केलेल्या ओटच्या अ‍ॅन्झॅक बिस्किटांचा डबा होता. “अर्ज गेला ना? चल, साजरं करू.”

“बसा ना, बाई. चहा टाकतो.” नेव्हिलचा आवाज बारीक झाला होता. त्याने नळ सोडला. पाणी माझ्या काठापर्यंत आलं.

“दोघांना एवढं पाणी?” बाई म्हणाल्या.

तो बटण दाबून माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. बाई उठल्या, शेजारी आल्या आणि त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. मी नुकती कुठे कोमट होत होते.

“आधी बोल,” त्या म्हणाल्या. “चहा नंतर.”

मग त्याने सांगितलं. माझ्या पोटाकडे बघतच सांगितलं. सिडनीची वेळ, चार सत्तेचाळीस, चिठ्ठी पडली असावी, एरवी कधी विसरत नाही, फक्त अर्ध्या तासाने चुकलं. बाईंनी फळीमागे डोकावून पाहिलं, फटीतून ती पिवळी चिठ्ठी काढली आणि तिच्यावरची धूळ फुंकली.

“अर्ध्या तासाने चुकलं म्हणतोस,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. “अरे नेव्ह, तुझ्याकडे आठ आठवडे होते.”

नेव्हिलने मान खाली घातली. मला तर तीही घालता येत नाही.

बाईंनी माझा प्लग काढला, पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि मला काखेत मारलं. दारात डॅरिल भेटला.

“अहो बाई, किटली कुठे चालली? आमच्या स्मोकोचं काय?”

“तू थर्मास आण. तू उन्हात राबतोस, तुझ्याशी माझं भांडण नाही.” मग त्या नेव्हिलकडे वळल्या. “तुला चहा हवा असेल तर रस्ता ओलांडून ये. रोज सकाळी नऊला. हातात लिहिलेलं एक पान असलं पाहिजे. पान नाही, तर चहा नाही.”

अशी मी तलावाच्या कठड्यापाशी, खाऊ विकायच्या खोलीत आले. आता तलाव मला जवळून दिसायला लागला. तळाला भेगा, कोपऱ्यात पालापाचोळा आणि निळ्या रंगावर लाल धूळ. काचेवर बाईंनी चौदा नावांची यादी लावून ठेवली होती. काढली नाही. उन्हाने तिची शाई रोज थोडी फिकट होत होती.

पहिल्या दिवशी नेव्हिल अर्धं पान घेऊन आला. बाईंनी ते वाचलं आणि त्याला अर्धा कप चहा दिला.

“बाई, हे काय?”

“हिशेबाने आहे. पी.”

दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. तिसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने आला. “बाई, खोटं बोलत नाही. कागद पुढे घेतला की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. माझ्याच्याने होणार नाही.”

बाई बाकावर सरकून बसल्या. “तू सात वर्षांचा होतास. तीन दिवस त्या काठावर उभा राहून नुसता पाण्याकडे बघत होतास. चौथ्या दिवशी मी काय केलं, आठवतं?”

“ढकललंत.”

“थापाड्या! गावभर हेच सांगत फिरलास का? मी ढकललं नाही. मी म्हटलं, आज पोहायचं नाही. आज फक्त घोटे भिजवायचे आणि घरी जायचं.”

नेव्हिल हळूच हसला. “आणि मी कमरेपर्यंत गेलो.”

“ते तू गेलास. मी घोट्यांचंच सांगितलं होतं. जा, आज पान लिहू नकोस. एक ओळ लिही. वाईट लिही. घोटे भिजव.”

तो गेला. तासाभरात परत आला, कागदावर आठ ओळी होत्या. बाईंनी माझ्यात पाणी घातलं, एकाच कपाचं. त्या दिवशी मी आनंदाने उकळले, पण जपून, भिंतीवर वाफ जाणार नाही अशी.

पुढे तो रोज येऊ लागला. स्मशानाच्या कुंपणाचं पत्र, वाचनालयाच्या गळक्या छताची तक्रार, वर्षभर ढिगाखाली दबलेले कागद एकेक करून वर आले. सगळ्यात नकोसं काम तो सकाळी सगळ्यात आधी घ्यायला लागला. सगळं सरळ झालं असं नाही. कधी तो तोंड पाडून यायचा, कधी बाईंना फसवायला जुनंच पान पुन्हा आणायचा. “हे मी मंगळवारी वाचलंय,” बाई म्हणायच्या, आणि माझं झाकण लावून टाकायच्या.

पण उन्हाळा कोणासाठी थांबतो? जानेवारीत पारा पंचेचाळीसवर गेला. टिली नावाची सात वर्षांची मुलगी, यादीत चौथी, पोहण्याचा पोशाख घालून जाळीच्या कुंपणाला चिकटून उभी राहायची.

“बाई, आज उघडणार?”

“आज नाही गं. पुढच्या वर्षी.”

“पुढच्या वर्षी तुम्ही असाल?”

बाईंनी मला उगाचच पुसायला घेतलं. टिलीचा चेहरा माझ्या पोटावर उमटला होता, बाईंचाही. नेव्हिल तेव्हा पान हातात धरून दारात उभा होता. त्याने ते पान दुमडून खिशात घातलं आणि त्या दिवशी चहा न पिताच गेला.

मार्चमधला अर्ज त्याने मुदतीच्या अकरा दिवस आधी, सकाळी दहाला पाठवला. ‘तलाव का हवा’ या प्रश्नाखाली त्याने काय लिहिलं ते त्याने बाईंना वाचून दाखवलं. फार सुंदर नव्हतं. काठावर उभा राहिलेला एक मुलगा आणि कुंपणाला चिकटलेली एक मुलगी, एवढंच होतं त्यात. बाई म्हणाल्या, “चालेल,” आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

एप्रिलमध्ये त्या निघाल्या. उत्तर अजून यायचं होतं. नेव्हिलने त्यांच्या बॅगा तलावासमोर उभ्या गाडीत ठेवल्या. मी दारातल्या फळीवरून बघत होते. आता बोलेल, आता म्हणेल, असं मला वाटत होतं. इतक्या महिन्यांत इतकी पानं लिहिली, पण ‘माझं चुकलं, तुमचा शेवटचा उन्हाळा माझ्यामुळे गेला’ हे एक वाक्य तो कधी बोलला नव्हता.

“बाई,” तो म्हणाला.

“काय रे?”

“टायरमधली हवा बघितलीत ना?”

“बघितली.” त्यांनी त्याच्या दंडावर थोपटलं. “किटली इथेच ठेव.”

जूनमध्ये मंजुरी आली, सप्टेंबरमध्ये पंप आला आणि गेल्या शनिवारी तलाव उघडला. ब्रोकन हिलहून एक तरुण शिक्षिका दर शनिवारी येणार आहे. डॅरिल सगळ्यांच्या आधी कपड्यांसकट पाण्यात पडला आणि म्हणाला, पाय घसरला. टिली आता आठ वर्षांची आहे. ती काठावर बसली आणि तिने घोटे भिजवले. सगळे बाईंची आठवण काढत होते. नेव्हिल एकटाच काही बोलत नव्हता.

आज सकाळी नऊला तो माझ्या खोलीत आला. त्याच्या हातात कोरा कागद आणि पाकीट होतं. पाकिटावर अ‍ॅडलेडचा पत्ता आधीच लिहिलेला होता. शाई जुनी वाटत होती, एप्रिलचीच असेल. तो बाकावर बसला. कागदाकडे पाहिलं. उठला. एक कप धुतला. आणि त्याने मला नळाखाली धरलं.

पाणी एक कपाच्या खुणेवर आलं. दोन झालं. तीन झालं. काठाला लागलं. मी ओळखलं. माझ्या अंगातला सगळा पत्रा शरमेने थंड पडला. एक वर्ष, एक कोरडा तलाव, चौदा मुलं, आणि मी परत तिथेच आले होते.

बटणावर त्याचं बोट आलं आणि थांबलं. त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं. तिथे त्याचंच मोठं नाक आणि बारीक डोळे होते. मग काठाशी हलणाऱ्या पाण्याकडे पाहिलं.

“बाई असत्या तर म्हणाल्या असत्या,” तो मला म्हणाला, हो, मलाच, “दोघांना एवढं पाणी?”

त्याने मला तशीच फळीवर ठेवली. बाकावर बसला आणि लिहू लागला. पहिली ओळ मी वाचली, कारण ती लिहून तो बराच वेळ थांबला होता. ‘बाई, अर्धा तास नव्हता. आठ आठवडे होते, आणि ते माझे होते.’ पुढे पाच-सहा ओळीच असतील. त्याने पाकीट बंद केलं आणि पोस्टाच्या दिशेने निघाला, चालता चालता पळायलाच लागला. पोस्ट दुपारी बंद होतं. अजून दहाही वाजले नव्हते.

चहा तो विसरला.

मी काठोकाठ भरलेली आणि गार इथे बसले आहे. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला न वापरता गेलं, आणि मला बरं वाटतंय. त्या चौदा मुलांचा उन्हाळा मला परत देता येणार नाही. ती लाज माझ्या बुडाशी पांढऱ्या थरासारखी बसली आहे, घासून जाणारी नाही.

तुमच्या घरातही माझी एखादी बहीण असेलच. तिला हात लावाल तेव्हा आत किती पाणी घातलंत तेवढं बघा. एका कपाचं असेल तर खुशाल उकळा, ती तुम्हाला दुवा देईल. काठापर्यंत असेल तर तिला तशीच ठेवा आणि आधी घोटे भिजवून या. ती वाट बघेल. आम्हाला थांबता येतं.